तीन नोड, एक स्विच: कुबरनेटीसला साठवण कुठली द्यावी?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात तू आयटी बघतोस. प्रत्येकी १६ जीबी रॅमच्या तीन मशीनवर के३एस, म्हणजे कुबरनेटीसची हलकी आवृत्ती, टाकून क्लस्टर उभा केलास; कुठलं काम कुठल्या मशीनवर चालवायचं हे कुबरनेटीस ठरवतो. त्यावर गेटपास आणि क्वालिटी रिपोर्टचं अ‍ॅप चालतं, त्यामागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि ड्रॉइंगच्या पीडीएफ फाइली आहेत. पॉड (चालत्या प्रोग्रॅमचा डबा) एका नोडवरून, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनवरून, दुसऱ्यावर गेला की डेटा गायब होतो. म्हणून एका जुन्या सर्व्हरवर एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) लावलंस, तर पोस्टग्रेस परवानगीची तक्रार करून उठतच नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो सेफ लाव, दुसरा म्हणतो लाँगहॉर्न; दोन्ही अनेक मशीनच्या डिस्कवर डेटाच्या प्रती ठेवतात. स्विच एक गिगाबिटचा आहे आणि साहेब मोठ्या खर्चाला तयार नाहीत. काका म्हणून विचारलंस, तेव्हा अरे-तुरेतच सांगतो.

सगळ्यात आधी, तुझा डेटा गेलेला नाही. तुझ्या फाइलीत होस्टपाथ लिहिलाय. त्याचा अर्थ एवढाच, की मी ज्या नोडवर असेन त्या नोडवरचा हा फोल्डर मला दे. पॉड नोड दोनवर गेला, तिथे तो फोल्डर नव्हता, रिकामा तयार झाला, पोस्टग्रेसने रिकामी जागा बघितली आणि तो नवा संसार मांडून बसला. जुना डेटाबेस नोड एकवर जसाच्या तसा पडलाय. वाईट भाग वेगळाच आहे. नोड दोनवर ज्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी झाल्या, त्याही खऱ्याच आहेत. म्हणजे तुझ्याकडे आता दोन डेटाबेस आहेत आणि गेटपासचे नंबर दोन्हीत पुन्हा एकपासून. त्याकडे शेवटी येतो.

आता पाया. तुमच्या कारखान्यात स्टोअर असेलच. शॉपवरचा माणूस स्वतः रॅकमधून बेअरिंग उचलत नाही, तो इंडेंट भरतो: ६२०५, ४ नग. ते कुठल्या रॅकमधून काढायचं हे स्टोअरकीपर बघतो. कुबरनेटीसमध्ये पीव्हीसी म्हणजे तो इंडेंट. पीव्ही म्हणजे हातात पडलेला माल, प्रत्यक्ष जागा किंवा व्हॉल्यूम. स्टोरेज क्लास म्हणजे कुठल्या स्टोअरमधून आणि कुठल्या अटींवर, आणि प्रोव्हिजनर म्हणजे स्टोअरकीपर. होस्टपाथ म्हणजे मधल्या मध्ये आपणच समोरच्या कपाटात सामान ठेवून देणं. पाळी बदलली, माणूस दुसऱ्या शेडमध्ये गेला, की कपाट काही त्याच्यामागे जात नाही.

इंडेंटवरच्या दोन रकान्यांकडे लोक नीट बघत नाहीत. एक, ॲक्सेस मोड. रीड-राइट-वन्स म्हणजे एक पॉड असं सगळ्यांना वाटतं. तो एक नोड आहे. एकाच नोडवरचे दोन पॉड त्या जागेत खुशाल लिहू शकतात. खरोखर एकच पॉड हवा असेल तर रीड-राइट-वन्स-पॉड हा वेगळा मोड आहे, १.२९पासून तो पक्का झालाय, पण तो सीएसआय ड्रायव्हर (कुबरनेटीसला साठवण जोडणारा दुवा) असलेल्या व्हॉल्यूमलाच चालतो. दुसरा रकाना रिक्लेम पॉलिसीचा. स्टोरेज क्लासमध्ये काही लिहिलं नाही तर ती डिलीट असते. इंडेंट फाडला की माल भंगारात. हे मी स्वतः करून बसलोय. चाचणीचा समजून एक नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) काढून टाकला, त्यातल्या पीव्हीसीबरोबर मागचे व्हॉल्यूम गेले, आणि चाचणीचा नसून तो अकाउंट्सवाल्यांचा होता हे चहा पिता पिता कळलं. तेव्हापासून माझ्या हातची प्रत्येक क्लास रिटेन असते. रिटेनमध्ये पीव्ही रिलीज्ड अवस्थेत अडकून राहतो, नवा इंडेंट त्याला आपोआप चिकटत नाही. पीव्हीच्या आतला जुन्या क्लेमचा संदर्भ हाताने काढावा लागतो. तेवढा त्रास परवडतो.

आता एनएफएस. ही सन मायक्रोसिस्टिम्सची १९८४ची चीज आहे आणि अजून लोक तिला नावं ठेवत ठेवत वापरतात. तुझ्या पीडीएफ, रिपोर्ट, बॅकअप यांच्यासाठी ती पुरेशी आहे. जो सर्व्हर त्यासाठी वापरशील तो क्लस्टरच्या बाहेरचाच ठेव. त्यावरच के३एसचा नोडही चालवून मशीन वाचवायचा मोह होतो. तीन सर्व्हर-नोडच्या के३एसमध्ये आत ईटीसीडी (क्लस्टरची सगळी नोंद ठेवणारा डेटाबेस) बसलेला असतो, आणि त्याला डिस्कवर झटपट लिहिता आलं नाही की तिन्ही नोडमधला त्याचा नेता सारखा बदलू लागतो. मोठी पीडीएफ चढवली की क्लस्टर डुगडुगतो आणि कारण सापडत नाही, अशी स्थिती होते.

सर्व्हरवर डेटासाठी वेगळी डिस्क, निदान वेगळं पार्टिशन. कारण एनएफएसचा स्टोअरकीपर मोजून माल देत नाही. इंडेंटवर ५ जीबी लिहिलं तरी अ‍ॅप ५०० भरू शकतं. तो आकडा फक्त जुळवणीसाठी असतो. एका अ‍ॅपचे लॉग वाढले की सगळ्यांची जागा संपते, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या सिस्टिमच्या रूट पार्टिशनवरच एक्सपोर्ट, म्हणजे वाटलेला फोल्डर, असेल तर सर्व्हरही आडवा होतो. एक्सपोर्टच्या फाइलीत तारा (*) लावून सगळ्या जगाला दार उघडं ठेवू नकोस, तिन्ही नोडचे आयपीच लिही. आवृत्ती ४.१ ठरवून दे. चौथ्या आवृत्तीला २०४९ हा एकच पोर्ट लागतो, तिसरीला सोबत पोर्टमॅपर आणि माउंटडी या जोडसेवांचं लटांबर येतं आणि फायरवॉल लावताना डोकं फिरतं. माउंट, म्हणजे नोडवर तो फोल्डर जोडणं, हार्ड ठेव. सॉफ्ट ठेवलं तर सर्व्हर जरा गप्प झाला की अ‍ॅपला चूक परत मिळते, आणि लिहिताना मिळालेली चूक पचवणारी अ‍ॅप मी फार पाहिली नाहीत. हार्डमध्ये सगळं थांबून राहतं, लोक ओरडतात, पण सर्व्हर परत आला की काम जिथल्या तिथे पुढे सुरू होतं.

आणि सिंक, म्हणजे डिस्कवर गेल्यावरच सर्व्हरने 'लिहिलं' म्हणणं. यावर जरा थांबतो, कारण इथे मी भाजलोय. एक्सपोर्टला असिंक लावलं की वेग डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. कारण साधं आहे: सर्व्हर 'लिहिलं' म्हणून सांगतो आणि प्रत्यक्षात ते अजून त्याच्या मेमरीत असतं. मे महिन्यातली दुपार, लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती हे त्या दिवशी कळलं. सर्व्हर उठला, फाइल सिस्टिम स्वच्छ, फाइलींची नावं जागेवर, आणि शेवटच्या काही फाइलींचा आकार शून्य. अ‍ॅपच्या मते त्या चढल्या होत्या. कुठल्या लॉगमध्ये चुकीची एक ओळ नाही. वेग हवा असेल तर एसएसडी घे, असिंकला हात लावू नकोस.

नोडवर एनएफएसचं क्लायंट पॅकेज टाकायला विसरलास तर पॉड कंटेनर-क्रिएटिंगवर लटकतो आणि इव्हेंटमध्ये चुकीचा फाइल सिस्टिम प्रकार, खराब सुपरब्लॉक असलं भीतीदायक काहीतरी येतं. डिस्क खराब नसते. उबुंटूवर एनएफएस-कॉमन टाक, तिन्ही नोडवर. दोन नोडवर टाकून तिसरा राहिला, की पॉड 'कधी कधी' चालतो, आणि त्या कधी कधीत संध्याकाळ जाते.

तुझी परवानगीची भानगड आता सरळ दिसेल. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यातून पॉड उठतो ते तयार पॅकेज) आधी रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून उठते, डेटाच्या फोल्डरची मालकी आपल्या ९९९ नंबरच्या युजरकडे करते, मग खाली उतरते. एनएफएस सर्व्हर मात्र रूटला ओळख देत नाही. रूट-स्क्वॉशमुळे बाहेरून आलेला रूट म्हणजे त्याच्या लेखी कोणीच नाही, नंबर ६५५३४. ज्याला कोणी ओळखत नाही तो मालकी कशी बदलणार? याच्यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे नो-रूट-स्क्वॉश. चालतो, पण मग कुठल्याही पॉडमधला रूट तुझ्या अख्ख्या सर्व्हरवर रूट. त्यापेक्षा पॉडच्या सिक्युरिटी काँटेक्स्टमध्ये रन-ॲज-युजर ९९९ दे, म्हणजे मालकी बदलायची पाळीच येत नाही, आणि डेटा थेट माउंटच्या मुळात न ठेवता त्याच्या आतल्या एका फोल्डरात ठेव, पीजीडेटा ही सेटिंग तिकडे वळवून. आतला फोल्डर ९९९ने स्वतः बनवलेला असतो, म्हणून मालकीही त्याचीच आणि परवानगीही पोस्टग्रेसला हवी तितकी कडक. फक्त इमेज अल्पाइनवाली (छोट्या लिनक्सवरची) असेल तर तिथे युजर ९९९ नसून ७० आहे, हे लक्षात ठेव.

हा तिढा सोडवून दाखवला, पण तुझ्या जागी मी पोस्टग्रेस एनएफएसवर ठेवणार नाही. पोस्टग्रेसचे लोक त्याला मनाई करत नाहीत. हार्ड माउंट हवाच आणि सर्व्हरला सिंक असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझी हरकत दोन कारणांनी. पहिलं वेगाचं. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, डेटाबेस 'हे खरंच डिस्कवर गेलं का' म्हणून थांबतो. तुझ्या जुन्या सर्व्हरची डिस्क ७२०० आरपीएमची असेल तर ती सेकंदाला १२० फेऱ्या मारते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद; एकामागून एक कमिट केले तर सेकंदाला शंभराच्या आसपासच सुटका. वर नेटवर्कची जा-ये. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोज. फायो नावाचं हत्यार आहे. त्याला २३०० बाइटचे ठोकळे, एकूण २२ एमबी, प्रत्येक लेखनानंतर एफडेटासिंक (डेटा डिस्कवर ढकलायचा हुकूम, म्हणजेच फ्लश) असं सांग आणि एकदा एनएफएसवर, एकदा नोडच्या एसएसडीवर चालव. ही ईटीसीडीची डिस्क तपासायची चाचणी आहे, तिथला निकष असा की ९९ टक्के फ्लश १० मिलिसेकंदांच्या आत पडावेत. डेटाबेसलाही तोच आरसा चालतो. सरासरी बघू नकोस, ९९ टक्क्यांचा आकडा बघ. बाजारातली स्वस्त एसएसडीही इथे कधी कधी लाज आणते, कारण लाइट गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर तिच्यात नसतात आणि खरा फ्लश करायला ती वेळ घेते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एनएफएसवर रीड-राइट-वन्स लिहिलंस तरी अडवणारं कोणी नाही. समजा नोड एकचं नेटवर्क तुटलं, मशीन चालूच आहे. कुबरनेटीस ५ मिनिटं वाट बघतो आणि पॉड काढायचा हुकूम देतो, पण तो हुकूम त्या नोडपर्यंत पोचतच नाही. पॉड डिप्लॉयमेंट या साध्या प्रकारातला असेल तर दुसरीकडे नवा पोस्टग्रेस उठतो, त्याच फोल्डरावर. तेवढ्यात नोड एकचं नेटवर्क परत आलं, तर क्षणभर दोन पोस्टग्रेस एकाच डेटावर. डेटाबेसची लॉक फाइल अशा वेळी उपयोगाची नाही. त्यात लिहिलेला प्रोसेस नंबर दुसऱ्या मशीनवरचा. म्हणून डेटाबेस नेहमी स्टेटफुलसेट या प्रकारात. तिथे जुना पॉड खरंच गेला याची खात्री होईपर्यंत नवा उठत नाही. लोक चिडतात की पॉड टर्मिनेटिंगवर अडकलाय आणि जबरदस्तीने पुसतात. तो अडकलेला नसतो, तुझी वाट बघत असतो. आधी खाली जाऊन ते मशीन बंद आहे हे डोळ्यांनी बघ, मग नोडला आउट-ऑफ-सर्व्हिसचा टेंट (खुणेची चिठ्ठी) लाव, पुढचं कुबरनेटीस करतो. अ‍ॅटॅच करावे लागणारे व्हॉल्यूम असतील तर हा टेंट न लावता सोडवून घ्यायला आणखी ६ मिनिटं लागतात, तेही धरून चाल.

मग पोस्टग्रेस कुठे? नोडच्या आपल्या एसएसडीवर. के३एसबरोबर लोकल-पाथ हा नोडच्याच डिस्कवरून जागा देणारा प्रोव्हिजनर आयता येतो. पीव्ही त्या नोडला बांधला जातो, पॉड उठला तर तिथेच उठतो, नाहीतर पेंडिंग राहतो, पण रिकाम्या जागेवर नवा संसार मांडत नाही. दुसऱ्या नोडवर त्याची रेप्लिका (चालती प्रत), पोस्टग्रेसच्याच स्ट्रीमिंगने. हे हाताने जमवायचं नसेल तर क्लाउडनेटिव्हपीजी नावाचा ऑपरेटर आहे, तो मुख्य आणि रेप्लिका सांभाळतो आणि नेता पडला तर दुसऱ्याला उभा करतो. डेटाबेसला आपली प्रत कशी करायची हे डिस्कपेक्षा चांगलं कळतं. रोजचा बेस बॅकअप (अख्ख्या डेटाची प्रत) आणि वॉल फाइली (त्यानंतरच्या बदलांची नोंद) एनएफएसवर.

सेफबद्दल फार बोलत नाही. उत्तम वस्तू आहे, सेज वाइल यांच्या पीएचडीतून आली आणि मोठमोठे डेटा सेंटर पेलते. पण तिची प्रत्येक डिस्क-प्रोसेस मूळ सेटिंगला ४ जीबी मेमरीचं लक्ष्य धरते, तिला रिकाम्या कोऱ्या डिस्क लागतात, आणि ती बिघडली की दुरुस्त करणारा माणूस लागतो. १६ जीबीच्या तीन मशीनवर, एकटा तू. नको.

लाँगहॉर्न त्या मानाने माणसात आहे. प्रत्येक नोडवर ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडणारं पॅकेज) लागतं, ते विसरलं की काही जोडलं जात नाही. मूळ सेटिंगला तीन प्रती, आणि तिन्हींकडे पोचल्याशिवाय लेखन पूर्ण होत नाही. तुझा स्विच एक गिगाबिटचा, म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी. एक प्रत पॉडच्याच नोडवर धरली तरी दोन तारेवरून जाणार, म्हणजे उरले साठच्या आसपास, त्यातच बाकीची सगळी वाहतूक. ड्रॉइंग चढवण्याच्या वेळी हे जाणवेल. दहा गिगाबिटचा स्विच आला की लाँगहॉर्न लाव, तोवर नाही. अनेक नोडवरून एकत्र लिहायची जागा लाँगहॉर्नवर मागितली तर तो आतून एनएफएसचाच पॉड उभा करतो, हेही जाता जाता. आपण फिरून तिथेच.

कोणीतरी तुला जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवर मोठी पाकिटं, लावायला सांगेल. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० सगळीकडे एकसारखा हवा: तिन्ही नोड, सर्व्हर, स्विचचा प्रत्येक पोर्ट. एक जरी १५००वर राहिला तर पिंग चालतं, फोल्डरची यादी येते, छोटी फाइल उघडते आणि मोठी फाइल कॉपी करताना सगळं थिजतं. तपासायचं तर तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग टाक. एक गिगाबिटवर फायदा इतका थोडा आहे की मी त्या वाटेला जात नाही.

राहिला बॅकअप. २०२४च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २५ असताना. माझ्या एका जुन्या ग्राहकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) त्याच रॅकमध्ये, सगळ्यात खालच्या फळीवर, कारण ती जड होती. तीन प्रती होत्या त्यांच्याकडे. तिन्ही एकाच पाण्यात. रॅक वरच्या मजल्यावर नेणं साहेबांना जमत नसेल तर निदान एनएफएसवरचा बॅकअप रोज रात्री एन्क्रिप्ट करून मुंबईच्या एखाद्या ऑब्जेक्ट स्टोअरला (क्लाउडवरच्या फाइल-साठवणीला) पाठव. पोस्टग्रेसचा बेस बॅकअप आणि वॉल, ड्रॉइंगचा फोल्डर, आणि के३एसचा ईटीसीडी स्नॅपशॉट. हा तिसरा लोक विसरतात. स्नॅपशॉटबरोबर सर्व्हरचं टोकनही (क्लस्टरची गुप्त किल्ली) वेगळं जपून ठेव, ते नसेल तर स्नॅपशॉट उघडत नाही. महिन्यातून एकदा कुठल्यातरी जुन्या डेस्कटॉपवर तो बॅकअप चढव आणि अकाउंट्सच्या कोणाला तरी बोलावून मागच्या आठवड्याचा गेटपास शोधायला लाव. तू स्वतः शोधू नकोस, तुला सगळं बरोबरच दिसेल.

आता तुझे दोन डेटाबेस. शनिवारी अ‍ॅप बंद कर. दोन्ही नोडवरचे पोस्टग्रेस एकेक करून उठव आणि दोघांचे वेगळे डंप (अख्ख्या डेटाबेसची एका फाइलीत काढलेली प्रत) काढ. नोड एकचा डंप मुख्य धरून नव्या जागी चढव. नोड दोनच्या नोंदी त्याच डेटाबेसमधल्या वेगळ्या स्कीमात (कप्प्यात) ठेव, त्यांच्या गेटपासला नवे नंबर दे आणि जुना नंबर शेऱ्यात लिही, कारण ट्रकवाल्यांच्या हातात छापील कागद गेलेत आणि सिक्युरिटीच्या वहीत तोच जुना नंबर आहे. ही जोडणी स्क्रिप्टने करू नकोस. दोन-तीन दिवसांचे पास असतील, सिक्युरिटीची वही शेजारी घेऊन बस आणि एकेक जुळव. जुळले की सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारा मोजक) पुढच्या नंबरावर आण, नाहीतर सोमवारी पहिलाच पास आपटेल. नोड एकवरचा तो होस्टपाथचा फोल्डर मात्र पुढचे दोन महिने तरी पुसायचा नाही, कोणी जागा नाही म्हणून कितीही मागे लागलं तरी.